पाणी चढले पडद्यावर

(संगणकावर सादरीकरण तयार करताना चित्रांना हालचाल देता येते. पाहणाऱ्यालाही त्यात भाग घेता येतो. ही हालचाल कशासाठी असावी आणि ती कशी द्यावी, हे एका विद्यार्थिनीने या पाठात आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)

आमचे घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आहे. निवृत्ती चौकातील शिवाजी महाराजांच्या अर्धपुतळ्यापासून थोडे पुढे गेले, की आमची गल्ली लागते. घरात आम्ही उर्दू बोलतो, गल्लीत मराठी बोलतो आणि शाळेत दोन्ही भाषा बोलतो.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. आमच्या मराठीच्या बाई वर्गात म्हणाल्या, "प्रत्येक गटाने 'आपल्या गावची नदी' या विषयावर संगणकावर सादरीकरण तयार करायचे. वेळ पाच मिनिटे. बोलायचे मात्र मराठीत."

मी पंचगंगेचा पूर हा विषय घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा मी लहान होते. आमच्या गल्लीत पाणी आले नव्हते. पण नदीकाठच्या वस्त्यांतील माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन येताना मी पाहिली होती. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. म्हणून मला वाटले, या विषयावर बोलायला माझ्याजवळ पुष्कळ आहे.

मी आपाच्या संगणकावर दहा स्लाइड तयार केल्या. पॉवरपॉइंटमध्ये हालचालीचे किती तरी प्रकार होते. ते पाहून मी हरखून गेले. शीर्षकातील अक्षरे गिरक्या घेत येतील असे केले. पावसाचे चित्र उड्या मारत येई. प्रत्येक ओळ वेगळ्या बाजूने धावत येई. एक स्लाइड जाऊन दुसरी येताना पडदा फाटल्यासारखा दिसे. रात्री झोपताना मी मनात म्हणाले, 'उद्या सगळा वर्ग पाहत राहील!'

वर्ग खरोखरच पाहत राहिला. मुले हसली, टाळ्याही वाजल्या. मी आनंदाने जागेवर बसणार, तोच बाईंनी वर्गाला विचारले, "पंचगंगेची धोका पातळी किती फूट आहे?"

कोणालाच सांगता आले नाही. खरे तर तो आकडा माझ्या सहाव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होता.

"मग तुमच्या लक्षात काय राहिले?" बाईंनी विचारले.

"बाई, अक्षरे गिरक्या घेत होती!" मागच्या बाकावरून उत्तर आले. सारा वर्ग पुन्हा हसला. माझे डोळे भरून आले.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "विषय चांगला आहे. आठ दिवसांनी पुन्हा कर."

संध्याकाळी मी दारात बसले होते. शेजारचे काका बाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तरुणपणी चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला होता. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, "काय झालं पोरी?"

मी सारी हकिगत सांगितली. ते हसून म्हणाले, "अगं, पडद्यावरची चित्रं हलवायचा नाद माणसाला फार जुना आहे. तुझा संगणक काल आला."

मग त्यांनी मला मॅजिक लँटर्नची माहिती सांगितली. मॅजिक लँटर्न म्हणजे जादूचा कंदील. हॉलंडमधील शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास असा कंदील तयार केला होता. पेटीत दिवा असे. दिव्यापुढे रंगवलेली काच आणि काचेपुढे भिंग. काचेवरचे छोटे चित्र समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसे.

"ती काच म्हणजेच स्लाइड," काका म्हणाले.

आपल्या महाराष्ट्रातही असे खेळ झाले. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० नंतरच्या दशकात आपल्या मुलांच्या मदतीने असे खेळ सुरू केले. त्यांनी या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असे नाव दिले होते. काचांवरील चित्रे हातांनी रंगवलेली असत. रामायण-महाभारतातील प्रसंग पडद्यावर दिसत आणि सोबत निवेदन चाले.

"पण काका, काचेवरचं चित्र हलायचं कसं?" मी विचारले.

"दोन काचा घ्यायच्या. एकीवर न हलणारं चित्र, दुसरीवर हलणारा भाग. दुसरी काच हळूच सरकवली, की पडद्यावर हालचाल दिसते. आता मला सांग, एका काचेवर नदी आणि दुसरीवर नाव रंगवली, तर कोणती काच सरकवशील?"

"नावेची."

"का?"

"नदीचा काठ सरकत नाही, नाव सरकते."

"बास! हेच लक्षात ठेव. जे खरोखर हलतं, तेच हलव. तुझ्या गोष्टीत काय हलतं?"

मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पाणी! पाणी चढतं."

"मग अक्षरांना कशाला पळवलंस?" काका म्हणाले.

काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवीत असत. रंगवलेला पडदा कितीही सुंदर असला, तरी तो स्थिरच राहणार. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये आला आणि या दोघांना हलत्या चित्रांचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. पण बाबूरावांनी ध्यास सोडला नाही. त्यांनी कोल्हापुरातच स्वतःचा कॅमेरा तयार केला. या कामात विष्णुपंत दामले यांनी त्यांना मदत केली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला.

"त्यांना हालचाल मिळवायला वर्षं लागली," काका म्हणाले, "म्हणून ती कुठं वापरायची याचा ते विचार करत. तुला ती एका बटणावर मिळते. म्हणून तू विचार केला नाहीस."

मला काकांचे म्हणणे पटले. मी घरात जाऊन आपाला सांगितले. आपा महाविद्यालयात संगणकाचा अभ्यास करते. ती म्हणाली, "जुन्या सगळ्या हालचाली आधी काढून टाक. मग कागदावर लिही, की लोकांच्या लक्षात काय राहायला हवं."

मी लिहिले : 'पंचगंगेची पातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी. ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.'

"आता हे आकडे डोळ्यांना दिसू देत," आपा म्हणाली.

आम्ही एक फुटाला दोन मिलिमीटर असे प्रमाण धरले. स्लाइडच्या डाव्या बाजूला एक उभी पट्टी काढली. तिच्या तळाशी शून्य लिहिले. त्यावर ३९ फुटांना पिवळी रेघ ओढली आणि ४३ फुटांना तांबडी. मग पाण्यासाठी एकावर एक असे तीन निळे चौकोन काढले. पहिला शून्यापासून ३९ फुटांपर्यंत, म्हणजे ७.८ सेंटिमीटर उंच. दुसरा ३९ पासून ४३ पर्यंत, म्हणजे फक्त ८ मिलिमीटर. तिसरा ४३ पासून ५५ पर्यंत, म्हणजे २.४ सेंटिमीटर.

मग आपाने मला हालचाल देण्याची रीत शिकवली. ती अशी :

१. ज्या चित्राला हालचाल द्यायची, त्यावर क्लिक करून ते निवडावे.

२. वरच्या पट्टीतील 'अ‍ॅनिमेशन्स' हा विभाग उघडावा. तिथे चार प्रकार असतात. चित्र पडद्यावर येणे, असलेल्या चित्राकडे लक्ष वेधणे, चित्र निघून जाणे आणि ठरलेल्या वाटेने सरकणे.

३. पाण्यासाठी 'येणे' या प्रकारातील 'वाइप' ही हालचाल निवडावी. दिशा 'फ्रॉम बॉटम', म्हणजे खालून वर ठेवावी. मग चौकोन तळापासून वर भरत जातो आणि पाणी चढल्यासारखे दिसते.

४. हालचाल केव्हा सुरू व्हावी ते ठरवावे. 'ऑन क्लिक' म्हणजे आपण क्लिक केल्यावर. 'विथ प्रीव्हियस' म्हणजे आधीच्या हालचालीबरोबरच. 'आफ्टर प्रीव्हियस' म्हणजे आधीची हालचाल संपल्यावर आपोआप. आम्ही तिन्ही चौकोनांना 'ऑन क्लिक' दिले. कारण प्रत्येक टप्प्यावर थांबून मला बोलायचे होते.

५. 'ड्युरेशन' म्हणजे हालचालीला लागणारा वेळ. पहिल्या चौकोनाला चार सेकंद दिले, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला चार.

आम्ही करून पाहिले. पहिल्या क्लिकला पाणी संथपणे चढून पिवळ्या रेघेला लागले. दुसऱ्या क्लिकला ते तांबड्या रेघेपर्यंत गेले. ते पाहून मी एकदम म्हणाले, "आपा, पिवळी आणि तांबडी रेघ किती जवळ आहेत!"

हे आकडे मी कितीदा तरी वाचले होते. पण इशारा आणि धोका यांच्यात फक्त चार फूट पाणी आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

"आता पाहणाऱ्यांनाही कामाला लाव," आपा म्हणाली. "नुसतं ऐकलेलं माणूस विसरतो. स्वतः निवड केली, की लक्षात राहतं."

मग आम्ही प्रश्नाची स्लाइड केली. 'पाणी ३९ फुटांवर आले आहे. तुमचे घर नदीकाठी आहे. तुम्ही काय कराल?' खाली तीन बटणे काढली. 'पाणी दारात येईपर्यंत थांबू.' 'पूर पाहायला नदीवर जाऊ.' 'महत्त्वाचे सामान बांधून निघण्याची तयारी करू.'

प्रत्येक बटणासाठी एकेक उत्तराची स्लाइड केली. बटण निवडून 'इन्सर्ट' या विभागातील 'लिंक' उघडायची आणि याच सादरीकरणातील कोणत्या स्लाइडवर जायचे ते ठरवायचे. चुकीच्या उत्तराच्या स्लाइडवर आम्ही फक्त 'चूक' असे लिहिले नाही. ते का चूक आहे, हेही लिहिले. शिवाय 'पुन्हा विचार करा' हे बटण ठेवून त्याची लिंक प्रश्नाकडे दिली. बरोबर उत्तराच्या स्लाइडवर सोबत घ्यायच्या वस्तू दिल्या : कागदपत्रे, औषधे, पिण्याचे पाणी, टॉर्च, शाळेची पुस्तके.

एक अडचण मात्र आली. बटणाऐवजी पडद्यावर दुसरीकडे क्लिक झाले, की पुढची स्लाइड येई आणि उत्तर फुटे. आपाने प्रश्नाची स्लाइड निवडून 'ट्रान्झिशन्स' या विभागातील 'ऑन माउस क्लिक' समोरची खूण काढून टाकली. आता बटण दाबल्याशिवाय स्लाइड पुढे जाईना. उत्तरांच्या स्लाइडनाही आम्ही तसेच केले.

माझ्या दहा स्लाइडच्या सहाच झाल्या. हालचाल एकाच स्लाइडवर राहिली. मला जरा हुरहुर वाटली. पण काकांचा प्रश्न आठवला आणि मी काहीही वाढवले नाही.

आठ दिवसांनी मी पुन्हा वर्गापुढे उभी राहिले. बाहेर पाऊस कोसळत होता. मी सांगू लागले, "कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच नद्यांवरून पंचगंगा हे नाव पडले आहे. वरच्या डोंगरात पाऊस पडला, की या नद्यांचे पाणी आपल्याकडे येते."

मी क्लिक केले. निळे पाणी वर चढू लागले. वर्ग शांत झाला. कोणी हसले नाही. पाणी पिवळ्या रेघेला टेकले, तेव्हा मी थांबले आणि प्रश्नाची स्लाइड उघडली.

"उत्तर कोण देणार?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठून आली. ती वर्गात फारशी बोलत नसे. मराठी बोलायला तर ती फारच लाजे. तिने संगणकाजवळ येऊन पहिले बटण दाबले : 'पाणी दारात येईपर्यंत थांबू.'

मुले ओरडली, "चूक, चूक!"

ती हळूच म्हणाली, "चूक आहे, मला माहीत आहे. आम्ही हेच केले होते."

सगळे गप्प झाले. ती अडखळत सांगू लागली, "आमचे घर नदीजवळ आहे. २०१९ ला लोक सांगत होते, त्रेचाळीस फूट झाले. अब्बा म्हणाले, दरवर्षी पाणी येते आणि उतरते. रात्री पाणी घरात आले. अब्बांनी दादीला पाठीवर घेतले. माझी पुस्तके, दादीची औषधे, सगळे कागद पाण्यात गेले. त्रेचाळीस म्हणजे काय, ते आम्हाला कळलेच नव्हते."

मग तिने 'पुन्हा विचार करा' हे बटण दाबले आणि तिसरे उत्तर निवडले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढे मराठी ती वर्गात प्रथमच बोलली होती.

मी प्रश्नाआधीच्या स्लाइडवर परत आले. पाणी तांबड्या रेघेपर्यंत आणि तिथून ५५ फुटांपर्यंत नेले. शेवटी बाईंनी मागच्याच वेळचा प्रश्न विचारला, "पंचगंगेची धोका पातळी किती फूट?"

"त्रेचाळीस!" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

"आणि तयारी कधी करायची?"

"एकोणचाळीसला!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "काल मी घरी कागदावर तुझी पट्टी काढून दाखवली. अब्बांनी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि दादीच्या औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली. पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली आहे. पिशवीवर मी मोठा आकडा लिहिला आहे, ३९."

शब्दार्थ

सादरीकरण – विषय लोकांपुढे मांडणे
हरखून जाणे – खूप आनंदित होणे
हकिगत – घडलेली गोष्ट
नाद – छंद, ओढ
भिंग – वस्तू मोठी दाखवणारी काच
ध्यास लागणे – एकच विचार सतत मनात असणे
बंधारा – नदीचे पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत
हुरहुर – मनाला वाटणारी चुटपुट
अडखळत – थांबत थांबत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पंचगंगेची पातळी कोल्हापुरात कोठे मोजतात?
(आ) 'शांबरिक खरोलिका' हे खेळ कोणी सुरू केले?
(इ) 'सैरंध्री' हा चित्रपट कोणत्या वर्षी पडद्यावर आला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या सादरीकरणानंतर धोका पातळी कोणालाच का सांगता आली नाही?
(आ) "जे खरोखर हलतं, तेच हलव," असे काका का म्हणाले?
(इ) प्रश्नाच्या स्लाइडवरील 'ऑन माउस क्लिक' समोरची खूण का काढावी लागली?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(अ) इशारा पातळी आणि धोका पातळी यांत ....... फुटांचा फरक आहे.
(आ) हालचालीला लागणाऱ्या वेळाला ....... म्हणतात.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
डोळे भरून येणे, ध्यास लागणे, हरखून जाणे.

प्र. ५. विचार करा आणि सांगा.
मागच्या बाकावरच्या मुलीने मुद्दाम चुकीचे बटण का दाबले असेल?

उपक्रम : तुमच्या गावात खरोखर हलणारी, वाढणारी किंवा बदलणारी एक गोष्ट निवडा. तिच्यावर चार स्लाइडचे सादरीकरण तयार करा. हालचाल एकाच स्लाइडवर ठेवा आणि पाहणाऱ्यांसाठी एक प्रश्न ठेवा. संगणक नसेल, तर दोन कागद एकावर एक सरकवून तीच हालचाल दाखवा.